पियानो की ढोल?

प्रश्न : रोबेर्तो फोन्सेका नावाच्या क्यूबन पियानोवादकाच्या दौऱ्यातली एक मैफल मोबाइलवर पाहिली. संगीत जॅझ आहे म्हणतात, पण पियानो ऐकताना मला सारखा ढोल ऐकू येत होता. पाय आपोआप हलत होते. मी थोडाफार तबला शिकलो आहे, तरी सम काही सापडली नाही. आमच्या तांड्यावर होळीला डफावर लेंगी म्हणतात, तिची आठवण झाली. हे नेमकं कोणतं संगीत? आपल्याशी त्याचं काही नातं आहे का?
– एक वाचक, दिग्रस (जि. यवतमाळ)

उत्तर : पियानोत ढोल ऐकू आला हा भास नव्हता. फोन्सेका (जन्म १९७५, हवाना) लहानपणी आधी ड्रमकडेच ओढला गेला होता. पियानोवर तो आठव्या वर्षाच्या सुमाराला बसला. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा ओमार सोसा हा कामाग्वे शहरातला. तोही मुळात तालवाद्यांचा आणि मारिंबाचा विद्यार्थी. हवानाच्या राष्ट्रीय संगीतशाळेत गेल्यावर पियानोकडे वळला. आपण पियानो म्हटले की बेथोव्हेन, झुंबर आणि गालिचा असे काहीतरी डोळ्यांसमोर आणतो. क्यूबात या वाद्याची बैठक तालवाल्यांच्या पंक्तीत आहे.

ती तिथे कशी पडली, याचे बरेचसे श्रेय एका अंध वादकाकडे जाते. आर्सेनियो रोद्रिगेस (१९११–१९७०) हा ‘त्रेस’ वाजवायचा. त्रेस म्हणजे तारांच्या तीन जोड्यांची क्यूबन गिटार. ‘सोन’ नावाच्या तिथल्या लोकप्रिय गानप्रकारात त्रेसवर एक छोटी, तुटक, गोल गोल फिरणारी स्वरावली अखंड चालू असते. १९४०च्या आसपास आर्सेनियोने आपल्या ताफ्यात कोंगा हा उभा ढोल घेतला, ट्रम्पेट वाढवले आणि पियानो आणला. पियानोला काम दिले ते त्रेसचेच. ढोल आणि ट्रम्पेटच्या गलक्यातून ती स्वरावली ऐकू जावी म्हणून वादक दोन्ही हातांनी तेच सूर वेगवेगळ्या सप्तकांत एकदम वाजवू लागले. आवाज टणक झाला, गोडवा मागे पडला. या फिरत्या स्वरावलीला पियानोवादक ‘मोंतुनो’ म्हणतात. तुम्हाला ऐकू आलेला ढोल तो हाच.

त्या काळात आर्सेनियोच्या ताफ्यात पियानो वाजवणाऱ्यांपैकी एक होता रुबेन गोन्सालेस. पुढे तो जवळजवळ विस्मरणात गेला. १९९६ साली, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, हवानाच्या एग्रेम स्टुडिओत त्याला शोधून आणून बसवले तेव्हा त्याच्या घरी पियानोसुद्धा उरला नव्हता. जुना होता तो किडीने खाल्ला होता. त्या ध्वनिमुद्रणांतूनच ‘बुएना व्हिस्ता सोशल क्लब’ हे नाव जगभर झाले. रुबेन थकल्यावर त्या मंडळींच्या दौऱ्यांत त्याच्या जागी जो तरुण बसला, तोच तुमचा फोन्सेका. मोबाइलवर तुम्ही पाहिले ते ‘नवीन’ संगीत असे मागे ऐंशी वर्षांपर्यंत जाते.

आता समेचे पाहू. तुम्ही तबला शिकलात, म्हणून काम सोपे आहे.

एकल तबलावादनात हार्मोनियम किंवा सारंगी लेहरा धरते. एकच ओळ, आवर्तनामागून आवर्तन; तिच्या भरवशावर तबलजी कायदे, रेले, तुकडे वाजवतो. क्यूबन पियानोचा मोंतुनो बहुतांशी हेच काम करतो. कोंगावाला एकट्याने रंगात येतो तेव्हा पियानो गुपचूप लेहऱ्यावर जातो. फरक एवढाच की आपल्याकडे लेहरा धरणाऱ्याला स्वतःचे काही मांडायची मुभा नसते. तिथे थोड्या वेळाने ढोल आणि बास पाया धरतात आणि पियानोवाला उधळतो. तो उधळतो तो भाग म्हणजे जॅझ. (आपल्या लेहरेकऱ्यांना अशी संधी का मिळू नये, हा प्रश्न मला अनेकदा पडतो, पण तो तबलजींना विचारण्याची हिंमत होत नाही.)

ते सगळे ज्या अदृश्य खांबाला बांधलेले असते त्याचे नाव ‘क्लावे’. दोन कठीण लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून जो पाच ठोक्यांचा आकृतिबंध वाजवतात, तो क्लावे. दांडक्यांचेही नाव तेच. तीनतालाच्या १६ मात्रा द्रुत लयीत मोजा आणि १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर टाळी द्या. झाला क्लावे. तीनतालाच्या आपल्या टाळ्या १, ५ आणि १३ वर, खाली ९ वर. म्हणजे पहिली आणि तेरावी मात्रा दोघांत समान. उरलेले तीन ठोके आपल्या टाळी-खालीला चुकवून पडतात. पहिल्या आठ मात्रांत तीन ठोके आणि दुसऱ्या आठांत दोन, असा हा तिरपा तोल आहे. काही रचना दोन ठोक्यांच्या बाजूने सुरू होतात, तेव्हा सगळे उलटे मोजावे लागते. कुणी चुकीच्या बाजूने शिरला की क्यूबन वादक कपाळाला आठ्या घालतात. आपल्याकडे बेताला झालेल्या गवयाकडे जसे बघतात, तसेच.

तरीही सम सापडत नाही, याला दोन कारणे. एक, मैफलीत त्या दांडक्या कुणी वाजवतच नाही असे पुष्कळदा होते. क्लावे प्रत्येकाच्या डोक्यात चालू असतो आणि सगळे त्याला धरून असतात. दुसरे कारण जास्त खोडकर आहे. बासवादकाचे ठरलेले ठोके याच १६ मात्रांत ४, ७, १२ आणि १५ वर येतात. पहिल्या मात्रेवर त्याचा हात नाही! आपण समेवर खर्जाचा भरीव आघात येईल म्हणून मान तयार ठेवतो आणि तो पंधराव्या मात्रेवरच येऊन गेलेला असतो. म्हणून पाय हलतात पण मान चुकते.

हे संगीत आले कुठून, ते थोडक्यात सांगता येत नाही, कारण ती हकीकत साखरेच्या मळ्यांची आहे. पश्चिम आफ्रिका आणि काँगोच्या खोऱ्यातून लाखो माणसे गुलाम म्हणून क्यूबात आणली गेली. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट १८८६ मध्ये. (वऱ्हाडच्या वाचकाला दुसरी तारीख जवळची वाटेल. अमेरिकेतल्या गुलामांनी पिकवलेला कापूस १८६१ ते १८६५ च्या यादवीत अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडकडे धाव घेतली. आपल्या कापसाच्या पहिल्या तेजीमागे तीच माणसे आहेत.) अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनामध्ये १७३९ च्या बंडानंतर गुलामांच्या ढोलांवर कायद्याने बंदी आली. क्यूबात स्पॅनिश अंमलाखाली आफ्रिकी लोकांच्या ‘काबिल्दो’ नावाच्या जमातवार मंडळ्यांना सणावारी एकत्र येण्याची, वाजवण्याची मोकळीक राहिली. त्यामुळे योरुबा लोकांचे बाता ढोल तिथे देवकार्यासह टिकले. बाता नेहमी तीन असतात – इया, इतोतेले आणि ओकोंकोलो. मांडीवर आडवा, पखवाजासारखा दोन तोंडांचा, दोन्ही हातांनी वाजवायचा. बंदी आणि मोकळीक यांच्या या फरकामुळेच अमेरिकन जॅझ आणि क्यूबन संगीत एकाच रक्ताचे असून वेगळे वाढले, असे मला वाटते.

ही दोन भावंडे न्यूयॉर्कमध्ये पुन्हा भेटली. मारियो बाउसा हा हवानाचा ट्रम्पेटवादक तिथल्या कृष्णवर्णीय जॅझ वाद्यवृंदांत मुरलेला. मेहुणा माचितो याच्या ताफ्यासाठी त्याने १९४३ मध्ये ‘तांगा’ ही रचना बांधली. आफ्रो-क्यूबन जॅझची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. त्यानेच जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीला चानो पोसो हा कोंगावादक सुचवला. पोसोला इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. २९ सप्टेंबर १९४७ रोजी कार्नेगी हॉलमध्ये तो गिलेस्पीबरोबर वाजवायला उभा राहिला. पुढच्या वर्षी डिसेंबरात हार्लेममधल्या एका बारमध्ये गोळी लागून तो गेला. दोघांचे ‘मान्तेका’ मात्र आजही जॅझवाले वाजवतात.

पियानोपुरते बोलायचे तर पुढची कथा घराण्यांची आहे. बेबो वाल्देस (१९१८–२०१३) आणि त्याचा मुलगा चूचो, दोघांचाही जन्म ९ ऑक्टोबरचा, किविकान गावातला. बेबोने १९५२ मध्ये नाचाच्या वाद्यवृंदात बाता ढोल आणून बसवले. देवाचे वाद्य तमाशात नेल्यासारखेच ते. १९६० मध्ये त्याने क्यूबा सोडले आणि स्टॉकहोममधल्या हॉटेलांत पियानो वाजवत आयुष्याची बरीच वर्षे काढली. मुलगा मागे राहिला आणि १९७३ मध्ये त्याने ‘इराकेरे’ हा ताफा काढला. बाता ढोल, विजेची गिटार, पितळी वाद्ये आणि त्याचा राक्षसी पंजा, सगळे एकत्र. गोन्सालो रुबाल्काबा (जन्म १९६३) याचे वडील पियानोवादक आणि आजोबा दान्सोन या जुन्या नृत्यप्रकाराचे रचनाकार. हे सगळे नातेसंबंध ऐकले की आपल्याला अगदी घरी आल्यासारखे वाटते.

लेंगीचे राहिले. एकाने ओळ टाकायची आणि जमावाने ती उचलायची, मधे चामड्यावर थाप – हे क्यूबन सोनच्या उत्तरार्धातही असते आणि तुमच्या तांड्यावरही. पण म्हणून एकाचे मूळ दुसऱ्यात शोधायला जाऊ नका. माणसे एकत्र गायला लागली की जगात बहुतेक ठिकाणी हीच पद्धत निघते. आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे ढोल ऐकायचेच असतील, तर ते आपल्या जवळही आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीतले कोकणी बोलणारे सिद्दी आजही ‘डमाम’ वाजवतात. आपल्या महोत्सवांना त्यांची आठवण क्वचितच होते, ही आपली गरिबी.

प्रश्न : ‘अलबेला’तली गाणी क्यूबन संगीतावर होती, असे एकाने ठासून सांगितले. खरे आहे का? आणि कोणा मराठी माणसाने अशा पियानोवादकाबरोबर कधी वाजवले आहे का?
– एक वाचक, यवतमाळ

उत्तर : ठासून सांगणाऱ्याला निम्मे गुण द्या.

‘अलबेला’ (१९५१) हे जवळजवळ आपल्या भागातल्या माणसांचे काम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. दिग्दर्शक आणि नायक भगवान पालव, म्हणजे भगवानदादा, जन्माने अमरावतीचे. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, जन्म पुणतांब्याचा, पण शिक्षणातली काही वर्षे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे. याच सप्रे गुरुजींकडे वसंतराव देशपांडेही शिकले, आणि वसंतराव मूर्तिजापूरचे. यवतमाळहून निघालेली ‘शकुंतला’ रेल्वे जिथे पोचायची, ते मूर्तिजापूर.

‘शोला जो भडके’मध्ये बोंगो आहेत आणि बोंगो हे अस्सल क्यूबन वाद्य, बेटाच्या पूर्व भागातले. सोबत क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन. वाजवणारे होते गोव्याचे. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हिएर वाझ, मुंबईत ‘चिक चॉकलेट’ नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक, सी. रामचंद्रांचे उजवे हात होते. त्यांचा ताफा ‘अलबेला’त पडद्यावरही दिसतो. हिंदी चित्रपटांत बोंगो, कोंगा वगैरे रुळवण्याचे श्रेय कावस लॉर्ड या पारशी वादकाला देतात. त्यांचे चिरंजीव केरसी लॉर्ड पुढे याच क्षेत्रात मोठे झाले. ‘अलबेला’च्या आदल्या वर्षीच्या ‘समाधी’मधले ‘गोरे गोरे’ तर ‘चिको चिको’ या परदेशी गाण्याच्या चालीवरून आले होते, आणि ते गाणे पोर्तो रिकोच्या नावाने रचलेले अमेरिकन चित्रपटगीत होते. म्हणजे क्यूबाचा वारा मुंबईला थेट आला नाही. हॉलिवूड, लंडनचे नाचघर आणि ताजमहाल हॉटेलचा बॉलरूम अशी वळणे घेत आला.

निम्मे गुण कापले ते यासाठी, की या गाण्यांत क्लावेचे राज्य नाही. मगाशी सांगितलेले पाच ठोके लावून बघा. थोडा वेळ जुळतील, मग गाणे आपल्या वाटेने जाईल. चितळकरांनी रंग घेतला, व्याकरण घेतले नाही. मला त्यात उणे वाटत नाही. व्याकरण घेतले असते तर ‘अलबेला’ची गाणी गणपतीच्या मांडवात सत्तर वर्षे वाजली नसती.

दुसऱ्या भागाचे उत्तर हो. त्रिलोक गुर्टू. जन्म १९५१, मुंबई. आई शोभा गुर्टू, ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका, जन्माने बेळगावच्या शिरोडकर. आजी मेनकाबाई अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. त्रिलोक घरी तबला शिकून युरोपात गेले. गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनच्या त्रिकुटात वाजवले, तबला आणि ड्रम एकत्र मांडून, खाली बसून वाजवायची स्वतःची रीत काढली. बाजूला पाण्याची बादली असते. घंटा वाजवता वाजवता तिच्यात बुडवली की सूर वाकतो. १९८८ च्या ‘उसफ्रेत’ या अल्बममध्ये त्यांनी आईला गायला लावले. ओमार सोसा, इटलीचा ट्रम्पेटवादक पाओलो फ्रेझू आणि त्रिलोक गुर्टू असे त्रिकूट युरोपच्या मंचांवर वाजवून गेले आहे. बेळगावची ठुमरी आणि कामाग्वेचा मोंतुनो एका सतरंजीवर येण्याचा याहून थेट पुरावा माझ्याजवळ नाही.

मुंबईचे झाकीर हुसेनही आठवा. अमेरिकन ड्रमवादक मिकी हार्टच्या ‘प्लॅनेट ड्रम’ (१९९१) या अल्बममध्ये त्यांच्या तबल्याशेजारी पोर्तो रिकोच्या जोव्हानी इदाल्गोचा कोंगा आहे. त्यात पियानो नाही, पण कोंगा आणि तबला बोलतात कसे, ते कळते.

प्रश्न : नवा अल्बम आला की हे लोक लगेच दौऱ्यावर का निघतात? आपले गायक तर अल्बमशिवाय वर्षभर फिरतात.
– एक वाचक, घाटंजी

उत्तर : पोट. ध्वनिमुद्रणातून आता जॅझवाल्याला फारसे सुटत नाही, तिकिटातून सुटते. महोत्सवाच्या आयोजकाला मात्र ‘यंदा नवीन काय?’ हे छापायला लागते. ते उत्तर अल्बम देतो. फोन्सेकाचा २०२३ चा ‘ला ग्रान दिव्हेर्सिओन’ हा जुन्या पॅरिसमधल्या क्यूबन नाचघराच्या आठवणीवर बेतलेला होता. असा विषय असला की मैफलीला नाव मिळते. मंचावर वाजते ते अल्बमबरहुकूम कधीच नसते. दुसरे कारण राजकारण. अमेरिकेने १९६२ पासून क्यूबावर व्यापारबंदी लादली आहे, त्यामुळे घरापासून हाकेच्या अंतरावरच्या मायामीत वाजवण्यापेक्षा बार्सिलोनात वाजवणे या वादकांना सोपे गेले. सोसा १९९९ मध्ये तिकडेच राहायला गेला. इराकेरेला १९८० मध्ये ग्रॅमी मिळाले, तेही न्यूयॉर्क आणि माँत्रो इथल्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणाला.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे, सिंथेसायझर शिकते. तिला हे वाजवता येईल का? इथे शिकवणारे कोणी नाही.
– एक पालक, वणी

उत्तर : येईल, आणि शिकवणारे नसल्याने फारसे अडणार नाही. आधी वाद्याला हात लावू देऊ नका. पंधरा दिवस तिने पायाने दर चार मात्रांनी, म्हणजे १, ५, ९, १३ वर ठोका धरायचा आणि हाताने १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्यायची. हे बोलता बोलता जमू लागले की डाव्या हाताला बासचे काम द्या, ४, ७, १२, १५. फक्त दोन सूर, सा आणि प. मग उजव्या हाताचा मोंतुनो. तो आधी एका बोटाने, आणि पक्का झाल्यावर अंगठा आणि करंगळीने तोच सूर दोन सप्तकांत. इथे हात ताणणे महत्त्वाचे, म्हणून खेळण्यातल्या बारीक पट्ट्यांचे वाद्य चालणार नाही. पूर्ण आकाराच्या ६१ पट्ट्या पुरेत. सिंथेसायझरमधला ‘लॅटिन’ नावाचा तयार ठेका मात्र बंद ठेवा. तो सगळे स्वतःच करतो आणि मुलाला काही शिकू देत नाही.

ऐकायला देताना सोसा किंवा रुबाल्काबापासून सुरुवात करू नका. ते अवघड आहेत. आधी रुबेन गोन्सालेसचा ‘इंट्रोड्यूसिंग’ हा अल्बम, मग बेबो वाल्देस, मग चूचो. फोन्सेका त्यानंतर आपोआप कळेल. शेजारपाजारी भजनी मंडळात खंजिरी वाजवणारा एखादा तयार हात असेल तर त्याला सोबत घ्या. एकट्याने हे संगीत शिकता येत नाही.